गूगलने साइट खाली ढकलली? आधी या चुका तपासा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला एक फोन हमखास येतो. पलीकडे देवबागचा नाहीतर तारकर्लीचा कुणीतरी होमस्टेवाला असतो आणि सुरुवात ठरलेली: "गूगलान आमची साइट बंद केल्यान!" मालवणात बसून मी होमस्टेवाल्यांच्या आणि आंबेवाल्यांच्या वेबसाइट सांभाळतो. माझा अनुभव असा, की या फोनांपैकी बहुतेक वेळा गूगलने काहीच केलेलं नसतं. मृग लागलेला असतो, किल्ल्यावरच्या होड्या आणि स्कूबा बंद झालेले असतात, तेव्हा खोली शोधणार कोण?

जूनची तुलना मेशी करणं ही पहिली चूक. सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) १६ महिन्यांची माहिती असते, त्यामुळे यंदाचा जून गेल्या जूनशेजारी ठेवून बघता येतो. इम्प्रेशन, म्हणजे शोधात साइट किती वेळा दिसली तो आकडा, घटले पण सरासरी क्रमांक जागच्या जागी असेल, तर गिऱ्हाईक घटलंय, साइट नव्हे.

दुसरी शक्यता घरचीच. एका बागायतदाराची साइट ऐन मार्चमध्ये, पेट्या भरायच्या तोंडावर, गूगलमधून गायब झाली. डिझाइन बदलणाऱ्याने काम चालू असताना वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर बांधली होती त्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये' या ओळीसमोर टिक केली होती आणि काम संपल्यावर ती काढायचं तो विसरला. एवढ्या एका टिकेपायी अर्धा हंगाम हातचा गेला.

खरोखर शिक्षा झाली असेल तर ती दोन प्रकारची असते. गूगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई सर्च कन्सोलच्या 'मॅन्युअल ॲक्शन्स' या पानावर लिहिलेली दिसते, कारणासकट. दुसरी गूगलची यंत्रणा आपसूक करते. तिची नोटीस येत नाही, साइट नुसती खाली जाते. म्हणून ते पान कोरं आहे यावर निर्धास्त राहू नका, आणि तिथे काही लिहिलेलं असेल तर अंदाज बांधत बसू नका.

आता विकतच्या लिंका, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या 'बॅकलिंक'. "अमुक हजारात ५०० बॅकलिंक" असा मेसेज प्रत्येक दुकानदाराला कधी ना कधी येतो. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आपल्या यंत्रणेत आणला तो अशा लिंकांच्या बाजारावरच. २०१६ पासून तो मुख्य यंत्रणेचाच भाग आहे. हल्ली फालतू लिंका बऱ्याचदा नुसत्या मोजल्याच जात नाहीत, म्हणजे तुमचे पैसे मांडवी खाडीत. पण सौदा ठळक दिसला तर वर सांगितलेली कारवाईसुद्धा होते. आपल्याकडे याचा एक साळसूद अवतार आहे: ट्रॅव्हल ब्लॉग लिहिणाऱ्याला दोन रात्री फुकट ठेवायचं, सोलकढी-सुरमई खाऊ घालायची आणि बदल्यात लिंक घ्यायची. पाहुणचार खुशाल करा. फक्त त्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी, ही लिंक क्रमांकासाठी धरू नये असं गूगलला सांगणारी खूण लावायला सांगा. ब्लॉगवाला नाक मुरडेल, मुरडू दे.

याच्या उलट टोकाचीही चूक पाहिली आहे. घाबरून सापडेल ती लिंक 'डिसअव्हाऊ'च्या, म्हणजे 'या लिंका धरू नका' असं गूगलला कळवायच्या यादीत टाकायची. त्यात जिल्ह्याच्या बातमीपत्राने आपणहून दिलेली चांगली लिंकही वाहून जाते. कारवाई झालेली नसेल आणि तुम्ही लिंका विकत घेतल्या नसतील, तर त्या हत्याराला हात लावायची गरज नाही.

पण कोकणात सर्वांत जास्त दिसणारं पाप वेगळंच आहे. घर एक, तेही देवबागला, आणि साइटवर पानं पंधरा: तारकर्ली होमस्टे, वायरी होमस्टे, भोगवे होमस्टे, निवती होमस्टे. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. याला 'डोअरवे पेज' म्हणतात. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटला गूगलने अशाच दारपानांसाठी काही दिवस निकालांतून काढून टाकलं होतं. तिथे तुमच्या-आमच्या चार खोल्यांची काय कथा! भोगव्याचं पान हवंच असेल तर भोगव्याविषयी काही सांगा: देवबागहून होडीने जाता येतं का, गाडीने किती वळसा पडतो, संध्याकाळी परतायचं कसं. सांगण्यासारखं काही नसेल तर पान काढून टाका. हंगामाआधी एआयकडून शेकडो पानं पाडून घेणंही याच माळेतलं. मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅम धोरणात त्याला वेगळं कलमच आहे. पानं माणसाने लिहिली की यंत्राने, याला तिथे महत्त्व नाही. ती वाचणाऱ्यासाठी आहेत की क्रमांकासाठी, एवढंच बघतात.

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हापूस मुंबई हापूस पुणे' लिहिणारे अजूनही भेटतात. काढा ते. पानाच्या कोडमध्ये लपलेल्या शब्दयादीला, म्हणजे कीवर्डच्या मेटा टॅगला, गूगल क्रमांकासाठी विचारत नाही, हे त्याने २००९ मध्येच सांगितलं आहे.

गूगल मॅपवरची नोंद हे वेगळं प्रकरण. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे हवं. पुढे 'बेस्ट बीच होमस्टे मालवण' जोडलं की नोंद निलंबित होऊ शकते. आणि गणपतीला आलेल्या सगळ्या चाकरमान्यांना ओसरीवर बसवून पाच-पाच तारे द्यायला लावू नका. न राहिलेल्या माणसाचा अभिप्राय खोटाच. रिव्ह्यूच्या बदल्यात बिलात सूट देणंही नियमाबाहेर आहे.

गूगलमध्ये तुमच्या साइटच्या नावाखाली जपानी अक्षरं दिसू लागली, तर साइट हॅक झाली आहे. पासवर्ड आणि प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) आधी बघा, लिंकांचं नंतर.

कारवाई झालीच असेल तर पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. आधी सगळी दुरुस्ती करा, मग अर्जात नेमकं लिहा: लिंका कुणाकडून घेतल्या, कोणत्या काढल्या, कोणत्या काढता आल्या नाहीत. 'आम्हाला काही माहीत नाही' हे वाक्य टाळा. उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात, लिंकांच्या प्रकरणात अधिक. तोवर तोच अर्ज पुन्हा पुन्हा पाठवू नका. आणि नवीन डोमेन (साइटचा पत्ता) घेऊन जुनी साइट तशीच तिकडे वळवायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आंब्याची मुदत गाठायची असेल तर ही आवराआवर दिवाळीच्या सुमाराला सुरू करा, मोहोर दिसल्यावर नको.