हिकारी पूलचा आकडा वाढवण्याआधी या चुका टाळा

जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये २.० पासून हिकारी पूल, म्हणजे डेटाबेसची कनेक्शन्स तयार ठेवून ॲपला वापरायला देणारा साठा, आपोआप मिळतो, कमाल १० कनेक्शन्ससह. लोड वाढला की लॉगमध्ये येतं, ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस’. लगेच कोणीतरी १० चे ५० करतं आणि रीस्टार्ट मारतं. मला हे अजिबात पटत नाही. ३० सेकंद थांबूनही कनेक्शन मिळालं नाही, तर आहेत ती कोण धरून बसलंय, हे आधी बघायला नको का?

एका ऑर्डर सिस्टिममध्ये सेलच्या दिवशी हेच झालं. ॲपचे चार इन्स्टन्स (चालू प्रती), प्रत्येकाचा वेगळा पूल, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. टीमने पूल ५० केला. हिकारीचं मिनिमम आयडल (किमान किती रिकामी कनेक्शन्स तयार ठेवायची) वेगळं दिलं नसेल तर तो पूर्ण पूल भरायला जातो, म्हणजे एकूण २००. पोस्टग्रेसची मर्यादा मात्र डिफॉल्ट १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी (डेटाबेसच्या ॲडमिनसाठी) राखीव. झालं, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. आधी साइट रखडत होती, आता ॲपही वर येईना.

मला बोलावल्यावर मी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, म्हणजे कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी, पाहिली. ओळीमागून ओळ ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं, पण डेटाबेसला काही कामच नाही! ट्रान्झॅक्शनल मेथडमध्ये (ती संपेपर्यंत कनेक्शन धरून ठेवते) ऑर्डर सेव्ह करून लगेच एसएमएस गेटवेला कॉल होता आणि गेटवे पाच-पाच सेकंद घेत होता. म्हणजे १० कनेक्शन्सच्या पूलमधून सेकंदाला जेमतेम दोन ऑर्डरी. एसएमएस क्यूमध्ये टाकून वेगळ्या वर्करकडे दिला, पूल परत १० वर आणला आणि साइट पळायला लागली. कॉल नुसता आफ्टर-कमिट लिसनरमध्ये (ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) हलवून भागत नाही, कारण तो लिसनर संपेपर्यंत कनेक्शन सुटत नाही. घाईत असलेले नवे लोक इथे हमखास अडकतात.

माझी सवय अशी: स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड, म्हणजे कनेक्शन किती वेळ परत आलं नाही की इशारा द्यायचा तो आकडा, १० सेकंद. डिफॉल्टला ते बंद असतं. चालू केलं की कनेक्शन कोणत्या मेथडने घेतलं, तो स्टॅक ट्रेस (मेथड कॉल्सची साखळी) सरळ लॉगमध्ये येतो. अंदाज बांधत बसावं लागत नाही.

स्प्रिंगची ओपन-इन-व्ह्यू ही सेटिंग (डेटाबेस सेशन रिस्पॉन्स जाईपर्यंत उघडं ठेवणारी) नव्या प्रोजेक्टमध्ये पहिल्याच दिवशी फॉल्स करा. नाहीतर एक क्वेरी झाली की रिस्पॉन्स जाईपर्यंत कनेक्शन अडकून राहू शकतं.

कनेक्शन टाइमआउट, म्हणजे पूलमधून कनेक्शन मिळायची वाट पाहण्याची मुदत, ३० चा ६० सेकंद करू नका. मी तो ३ ते ५ सेकंदांवर आणतो. मिनिटभर फिरणाऱ्या चक्राकडे बघत कोणी ग्राहक बसत नाही, तो रिफ्रेश मारतो आणि रांग आणखी वाढते.

मायएसक्यूएल डेटाबेसवर वेट टाइमआउट, म्हणजे रिकामं कनेक्शन डेटाबेस किती वेळाने तोडतो ती मुदत, डिफॉल्ट ८ तास आहे, पण डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) ते कमी करतात. हिकारीचं मॅक्स लाइफटाइम (कनेक्शनचं कमाल आयुष्य) डिफॉल्ट ३० मिनिटं असतं. डेटाबेसने आधी तोडलं, तर पूलमध्ये मेलेलं कनेक्शन उरतं. डीबीएला आकडा विचारा आणि आपला त्यापेक्षा निदान अर्धा मिनिट कमी ठेवा.