प्रॉक्सीला पासवर्ड लावा आणि ४०७ डोळ्यांनी पाहा

सिक्युरिटी प्लस या सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करताना प्रॉक्सीचं, म्हणजे मध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरचं, प्रकरण बरेच जण व्याख्या पाठ करून उरकतात. फॉरवर्ड प्रॉक्सी आतल्या लोकांसाठी, रिव्हर्स प्रॉक्सी बाहेरून येणाऱ्यांसाठी, झालं! पण परीक्षेत काही प्रश्न प्रात्यक्षिक स्वरूपाचेही असतात आणि पाठांतर तिथे पुरत नाही. म्हणून घरच्या लॅपटॉपवर एक प्रॉक्सी उभा करा. एक संध्याकाळ पुरेल आणि सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) उबुंटू सर्व्हरचं एक मशीन बनवा. त्याला दोन नेटवर्क अडॅप्टर द्या: इंटरनेटसाठी नॅट आणि लॅपटॉपशी बोलायला होस्ट-ओन्ली. दुसऱ्यावर साधारणपणे १९२.१६८.५६ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो लिहून ठेवा. मग त्या मशीनवर स्क्विड (हाच आपला प्रॉक्सी) आणि अपाचे२-युटिल्स (पासवर्ड फाइल बनवायला) ही दोन पॅकेजेस टाका. स्क्विड ३१२८ या पोर्टवर ऐकतो.

आता लॅपटॉपवरच्या फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये मॅन्युअल प्रॉक्सी निवडून तो पत्ता आणि पोर्ट भरा. एचटीटीपीएससाठीही हाच प्रॉक्सी वापरण्याच्या खुणेवर टिक करा. फायरफॉक्सच घ्या, कारण त्याची प्रॉक्सी सेटिंग स्वतंत्र ठेवता येते आणि बाकीच्या प्रोग्रॅमचं इंटरनेट नीट चालू राहतं. कुठलीही साइट उघडा. ती उघडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. स्क्विडच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये टीसीपी-डिनाइड आणि पुढे ४०३ हा नकाराचा कोड दिसेल. म्हणजे प्रॉक्सीने तुम्ही कोण हे विचारलंसुद्धा नाही, सरळ नकार दिला.

पुढची पायरी युजर तयार करण्याची. एचटीपासवर्ड या कमांडने स्क्विडच्या फोल्डरमध्ये पासवर्ड फाइल बनवा. पहिल्या युजरच्या वेळी नवी फाइल बनवायचा ‘सी’ हा पर्याय द्यावा लागतो. दुसऱ्या युजरला तो अजिबात देऊ नका. दिलात तर फाइल नव्याने लिहिली जाते आणि आधीचे युजर पुसले जातात. ही फाइल स्क्विडला वाचता येते ना, तेही तपासा.

मग कॉन्फिग फाइल उघडा. तिथे तीन गोष्टी सांगायच्या असतात: पासवर्ड तपासणारा मदतनीस प्रोग्रॅम कोणता (बेसिक-एनसीएसए-ऑथ) आणि त्याची फाइल कुठे आहे, ओळख पटलेल्या युजरसाठी एक एसीएल (नियमात वापरायची, नाव दिलेली अट), आणि त्या एसीएलला परवानगी देणारी ओळ. खरी मेख या शेवटच्या ओळीच्या जागेत आहे. स्क्विड परवानगीचे नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जुळला की तिथेच थांबतो. ‘सगळ्यांना नकार’ या ओळीच्या खाली तुमची ओळ गेली, तर तिच्यापर्यंत कुणी पोहोचतच नाही. फायरवॉलच्या नियमांचे प्रश्नही याच तर्कावर सुटतात, त्यामुळे ओळ मुद्दाम वर-खाली करून फरक बघाच. बदल केल्यावर स्क्विड रीलोड करा.

आता साइट उघडलीत की ब्राउझर नाव आणि पासवर्ड मागेल. लॉगमध्ये आधी ४०७, म्हणजे ‘आधी ओळख पटवा’ हा कोड दिसेल आणि पासवर्ड दिल्यावर २००, म्हणजे ‘ठीक आहे’, सोबत तुमचं युजरनेम. ४०१ आणि ४०७ यांची गल्लत इथे कायमची संपते: ४०१ पाठवून वेबसाइट ओळख मागते, ४०७ पाठवून प्रॉक्सी मागतो. एचटीटीपीएस साइटसाठी लॉगमध्ये फक्त कनेक्ट ही विनंती, साइटचं नाव आणि ४४३ हा पोर्ट दिसेल. आतलं पान कोणतं, ते प्रॉक्सीला कळत नाही.

हे सगळं चालू असताना वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून होस्ट-ओन्ली अडॅप्टरवर ३१२८ पोर्ट पाहा. प्रॉक्सी-ऑथरायझेशन या हेडरमध्ये तुमचं नाव आणि पासवर्ड बेस-६४ मध्ये जाताना दिसेल. बेस-६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, ते कुणालाही क्षणात उलगडता येतं. साइट एचटीटीपीएस असली तरी ब्राउझर ते प्रॉक्सीदरम्यानचा हा पासवर्ड उघडाच जातो, आणि हा मुद्दा अभ्यासात हमखास निसटतो. विंडोज डोमेन असलेल्या कार्यालयांत म्हणूनच केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीला पसंती असते. त्यात पासवर्ड प्रॉक्सीकडे जात नाही, तिकीट जातं, आणि युजरला पुन्हा काही टाइप करावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट पक्की करा. ट्रान्सपरंट प्रॉक्सीमध्ये, म्हणजे ट्रॅफिक गुपचूप वळवली जाते तिथे, ही ४०७ ची पद्धत चालत नाही. मध्ये प्रॉक्सी आहे हे ब्राउझरला माहीतच नसतं, मग तो प्रॉक्सीचा पासवर्ड देणार कसा? तिथे कॅप्टिव्ह पोर्टल (आधी लॉगिनचं पान दाखवणं) किंवा आयपीवरून ओळख असे वेगळे मार्ग घ्यावे लागतात.

लॅब बंद करताना फायरफॉक्समध्ये परत ‘प्रॉक्सी नाही’ निवडा. व्हर्च्युअल मशीन बंद आणि सेटिंग तशीच राहिली, तर त्या ब्राउझरमध्ये एकही साइट उघडणार नाही.