जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक: दोन्ही पॅडल एकसारखी कशी लावावीत

ब्रेक कमी लागणे एक वेळ कळते आणि माणूस जपून चालवतो. एकाच बाजूला ओढणारा ब्रेक मात्र घात करतो. चिखलणी करताना बांधाच्या कोपऱ्यावर वळायला डाव्या-उजव्या चाकाच्या दोन पॅडलांपैकी बहुधा एकच दाबले जाते, त्या बाजूचे लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) आधी झिजते. शेतात हे चालून जाते. पण भरलेली ट्रॉली घेऊन चोर्ला घाट उतरताना पॅडल जोडून दाबली, की ट्रॅक्टर आडवा होऊ पाहतो.

खाली दिले आहे ते रॉडने चालणाऱ्या सुक्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, ब्रेकसाठी.

ट्रॅक्टर सपाट, टणक जागी घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, पॅडल जोडणारी पट्टी काढलेली. हँडब्रेक पूर्ण सोडा. तो थोडा ओढलेला राहिला तर पुढचे सगळे माप चुकते. मागचे एकच चाक जॅकवर उचला आणि अॅक्सलखाली लोखंडी घोडी द्या. हाताशी जांभ्याचा चिरा असतो म्हणून तो लावू नका: जांभा दाबाखाली अचानक फुटतो.

आता पॅडल हाताने दाबून पाहा. रिकामी चाल संपून जोर लागेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. हे अंतर मॉडेलप्रमाणे बदलते, पुस्तिकेतले मापच धरा. रॉडचा चेकनट (अॅडजस्टर जागी घट्ट धरणारा नट) सैल करून अॅडजस्टर आवळत जा आणि चाक हाताने फिरवत राहा. चाक घासू लागले की थांबा, ते मोकळे फिरेपर्यंत उलट सोडा, चाल पुन्हा मोजा, चेकनट आवळा. दुसरी बाजूही अशीच करून दोन्ही मापे एकसारखी आणा. चाल अजिबात ठेवली नाही तर ब्रेक सतत घासून तापतो आणि लायनर जळते.

खाजणात चालणाऱ्या ट्रॅक्टरला आधी रॉडच्या टोकाच्या फोर्कच्या (दुबेळक्याच्या) पिना काढून बघा. खाऱ्या चिखलाने त्या गंजतात, पॅडल सोडले तरी रॉड मागे येत नाही, आणि दोष अॅडजस्टमेंटला दिला जातो. पिन घासून ग्रीस लावा, झिजली असेल तर बदला, स्प्लिट पिन नवीच घाला.

रॉडचे आटे संपले तरी ब्रेक लागत नसेल तर लायनर संपले आहे. आटे वाढवून उपयोग नाही. ब्रेकच्या घरातून तेल झिरपत असेल तर ऑइल सील गेले. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, सीलबरोबर तेही बदला. उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरात अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी चाक खाली घेऊन, पट्टी लावून, रिकाम्या मोकळ्या जागी कमी वेगात ब्रेक मारा. डावीकडे ओढला तर डावा अॅडजस्टर अर्धा फेरा सोडून पुन्हा पाहा. तरीही ओढत असेल तर उजव्या बाजूचे लायनर तपासा. दोन-तीन किलोमीटर चालवून ब्रेकच्या घराजवळ हात धरा, टेकवू नका. एक बाजू जास्त गरम लागली तर तिकडे ब्रेक घासतो आहे.