पोटॅशियम हे नाव कुठून आलं, चुलीच्या राखेतून दाखवा

खताच्या गोणीवरच्या १०:२६:२६ मधला शेवटचा आकडा पोटॅशचा, हे आपल्या मराठवाड्यात कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं, पण पोटॅश म्हणजे 'पॉट' आणि 'ॲश', भांड्यात आटवलेली राख, हे सायन्सच्या पोरांनाही सहसा कुणी सांगत नाही. लेकरांना पाठ करायला लावू नका, करून दाखवा.

तुराट्या नाहीतर पळाट्या (तुरीची नाहीतर कपाशीची वाळलेली झाडं) जळून झालेली पांढरी राख घ्या, पावसात भिजलेली नको, कारण पोटॅश पाण्यात विरघळून जातं, उकिरड्यावरच्या जुन्या राखेत काही उरत नाही. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची तर अजिबात नको. चाळून एक तांब्या राख, चार तांबे गरम पाणी, काठीनं ढवळायचं, रात्रभर निवळू द्यायचं आणि सकाळी वरचं पाणी धोतराच्या दुपदरी फडक्यातून गाळायचं. भांडं स्टीलचं किंवा लोखंडी, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं चालत नाही, राखेचं पाणी ते खातं.

या पाण्यात हात घालू नका, कातडीला झोंबतं. थोडं वाटीत काढून चिमूटभर हळद टाका, बघता बघता तांबडी होते, म्हणजे पाणी अल्कली आहे. हा अल्कली शब्द अरबी 'अल-कली'वरनं आला, अर्थ झाडपाला जाळून केलेली राख, त्यातनंच पुढं लॅटिन 'कॅलियम' आणि म्हणून पोटॅशियमची खूण 'के', गोणीवरच्या एनपीकेमधला (नत्र, स्फुरद, पालाश) तोच के. पोरांचा सगळा गोंधळ इथंच असतो, नाव 'प'नं आणि खूण 'के' कशी? दोन्ही नावं राखेचीच, एक युरोपातल्या भांड्यातनं आलेलं, दुसरं अरबांकडनं.

आता पाणी लोखंडी कढईत आटवा, शेवटी तडतडून उडतं म्हणून जाळ बारीक ठेवा, पोरं लांब. तळाला करडा-पांढरा थर बसतो, तेच पोटॅश, मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. ते चुन्याच्या पाण्यासोबत उकळलं की कॉस्टिक पोटॅश होतं (हे घरी करू नका, फार जाळतं), आणि १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं त्याच्यातूनच करंट सोडला तेव्हा चांदीसारखे चकाकणारे थेंब निघाले, काही तर तिथंच पेटले, त्या धातूला त्यानं पोटॅशवरनं पोटॅशियम नाव दिलं.

खरवडलेला क्षार घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, उघडा राहिला तर हवेतलं पाणी ओढून ओला होतो, आणि बरणीवर 'खायचं नाही' लिहा, पापडखार समजून कुणी पिठात घालायला नको.