१३६६ च्या स्क्रीनवर जास्त जागा काढताय? या चुका टाळा

सेवा केंद्रात फॉर्म भरताना 'सबमिट' बटण स्क्रीनच्या खाली गडप होतं. आडतीच्या एक्सेल शीटमध्ये वजन दिसतं तर भाव दिसत नाही, आणि भाव दिसायला लागला की हमाली-तोलाई उजवीकडे पळालेली असते. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, "रिझोल्यूशन वाढव की." रिझोल्यूशन म्हणजे चित्र किती आडव्या-उभ्या ठिपक्यांचं काढायचं तो आकडा. तो वाढवता येतोही. पण पॅनलवर, म्हणजे स्क्रीनच्या काचेवर, ठिपके जेवढे बसवलेत तेवढेच राहतात. १३६६ × ७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. त्याच पॅनलवर १९२० × १०८० चं चित्र मागितलं की संगणक वीस लाख सत्तर हजार ठिपक्यांचं चित्र काढतो आणि दोन ठिपक्यांचा माल एका ठिपक्यात कोंबतो. पोतं तेवढंच, सोयाबीन दुप्पट. जागा वाढते ती अक्षराच्या जिवावर.

पहिली चूक: आधी वाया जाणारी जागा न बघणं

बऱ्याचदा रिझोल्यूशनला हात लावायची गरजच नसते. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडा आणि 'स्केल' पुढचा आकडा बघा. १३६६ च्या लॅपटॉपवर तिथे १२५ टक्के असेल, तर कामाला उरलेली जागा १०९३ × ६१४ एवढीच आहे. ती १०० टक्के करा.

फुल एचडी लॅपटॉप घेतलेल्यांची गंमत वेगळी. १४ इंची १९२० × १०८० पॅनलवर विंडोज बहुतेकदा १५० टक्के स्केल लावून देतं. म्हणजे हिशेबाला १२८० × ७२०, जुन्या १३६६ वाल्यापेक्षाही कमी! जास्त पैसे मोजून कमी मावतंय म्हणून माणूस वैतागतो आणि रिझोल्यूशन वाढवायचे उपाय शोधत बसतो. स्केल १२५ वर आणलं की तिथेच १५३६ × ८६४ मिळतात, आणि अक्षर जराही पुसट होत नाही, कारण पॅनलचे खरे ठिपके तेवढे आहेत. बदल केल्यावर साइन आउट करून परत आत या. नाहीतर जुनी सॉफ्टवेअर धुरकट दिसतात आणि दोष नव्या सेटिंगवर जातो.

'कस्टम स्केलिंग'च्या चौकटीत ९० टाकून बघणारेही बरेच आहेत. ती चौकट १०० ते ५०० घेते, शंभराच्या खाली काही घेत नाही.

नुसतं बटण खाली गेलं असेल तर ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, आलेल्या यादीत 'मूव्ह' निवडा आणि वरच्या बाणाने खिडकी वर सरकवा. माउसने खिडकी एवढी वर जात नाही, बाणाने जाते. ब्राउझरमधला फॉर्म असेल तर कंट्रोल आणि वजा दाबून झूम ८० टक्क्यांवर आणा, किंवा एफ-११ दाबा. विंडोज १० मध्ये टास्कबार डाव्या कडेला नेऊन ठेवला की उभ्या बाजूला ठिपक्यांच्या चाळीस ओळी सुटतात. रुंद स्क्रीनवर टंचाई उभ्या जागेचीच असते, आडवी जागा बरीचशी रिकामीच पडून असते.

दुसरी चूक: एकदम १९२० ला हात घालणं

१५.६ इंची १३६६ पॅनल साधारण साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. विंडोजचं नेहमीचं अक्षर १२ ठिपक्यांचं, म्हणजे त्यावर तीन मिलिमीटर. सव्वापट चित्र मागितलं की ते २.४ मिलिमीटर होतं. ११.६ इंचीवर तेच अक्षर मुळात सव्वादोन मिलिमीटर असतं आणि सव्वापटीत १.८ वर येतं. त्यामुळे १५.६ इंचीला १६०० × ९०० ही बरी मर्यादा. फार तर सव्वापट. ११.६ इंचीवर हा खटाटोप करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि हे इंग्रजी अक्षर बघून ठरवू नका. देवनागरीची शिरोरेषा छोट्या अक्षरात एक ठिपका जाड असते. ठिपक्यांच्या ९०० ओळींचं चित्र ७६८ ओळींत बसवताना ती कधी नेमकी एका ओळीवर पडते, तर कधी दोन ओळींच्या मधोमध. मग एकाच पानावर मजकुराच्या काही ओळींची शिरोरेषा काळीभोर आणि काहींची राखाडी पसरट दिसते. पॅनल बिघडला असं वाटतं, पण तो बिघडलेला नसतो. सेटिंग कायम करण्याआधी एक सातबारा उघडा आणि ०.८१ मधला बिंदू दिसतो का बघा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी डोळे बारीक न करता ओळखता येतात का ते बघा. नाही आली, तर एक पायरी खाली उतरा. क्षेत्राचा बिंदू चुकून वाचणं परवडत नाही.

अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळसर झाक दिसत असेल तर कारण क्लिअरटाइप. ते तंत्र प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा, निळा भाग वेगवेगळा वापरून अक्षर रेखीव करतं. चित्र आकसलं की तो हिशेब मोडतो. स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधा आणि खूण काढून टाका. लिनक्समध्ये फॉन्टच्या सेटिंगमध्ये 'सब-पिक्सेल' ऐवजी 'ग्रेस्केल' निवडा.

तिसरी चूक: प्रमाण बिघडवणं

यादीत १२८० × १०२४ दिसलं, १३६६ पेक्षा उभी जागा जास्त वाटली, आणि लावलं. गोल घड्याळ लगेच लंबगोल होतं. १३६६ ची स्क्रीन १६:९ ची आहे, तिला १६०० × ९०० किंवा १९२० × १०८० हेच जुळतं. दहा इंची जुन्या नेटबुकवर हा प्रकार फार चालायचा. इंटेलच्या जुन्या जीएमए ग्राफिक्समध्ये रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'डिस्प्ले १ डाउनस्केलिंग सपोर्टेड' या नावाची नोंद असते. तिची किंमत शून्याची एक केली की १०२४ × ६०० वर १०२४ × ७६८ आणि ११५२ × ८६४ चालू होतात. ही नोंद रजिस्ट्रीत दोन-तीन ठिकाणी सापडू शकते. एकच बदलली की काही होत नाही, सगळ्या बदलून मशीन रीस्टार्ट करावं लागतं. नव्या लॅपटॉपवर ही नोंद नसते, आणि ती हाताने तयार करून ठेवण्यात अर्थ नाही.

चौथी चूक: विंडोजमध्ये चुकीचं दार ठोठावणं

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपसोबत येणाऱ्या कंट्रोल पॅनलमध्ये 'डीएसआर' नावाची सोय आहे. ती चित्र मोठं काढून पॅनलच्या ठिपक्यांत बसवते. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते, एनव्हिडियाची चिप मागून मदत करते. तिथे डीएसआर दिसतच नाही. ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी दिसणार नाही. ज्यांना दिसतं त्यांनी आकड्याला फसू नये: १.५० म्हणजे रुंदी दीडपट नाही, एकूण ठिपके दीडपट. १३६६ ची रुंदी त्यात १६७३ च्या आसपास जाते. सोबतचा 'स्मूथनेस' ३३ टक्क्यांवर असतो. तो खेळांसाठी ठीक, वाचायला जाड धुकं. कमी करा. एएमडीत हीच सोय 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' नावाने डिस्प्लेच्या पानावर येते.

इंटेलच्या कस्टम रिझोल्यूशनमध्ये १९२० × १०८० भरलं की बहुतेकदा 'बँडविड्थपेक्षा जास्त' असा नकार येतो. तो नकार माना. कसंतरी घुसवलंच आणि स्क्रीन काळी झाली, तर कशालाही हात न लावता पंधरा सेकंद थांबा. विंडोज स्वतःच जुन्या सेटिंगवर येतं. घाबरून कळा दाबत बसलात की 'ठेवा' वर होकार जाऊ शकतो आणि काळी स्क्रीन कायम होते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबल्याने ड्रायव्हर परत सुरू होतो, रिझोल्यूशन मागे येत नाही. अशा वेळी एचडीएमआयने टीव्ही जोडा किंवा सेफ मोडमध्ये जाऊन सेटिंग उलटवा.

पाचवी चूक: लिनक्समध्ये परतीची वाट न ठेवणं

लिनक्सवर हे काम सगळ्यात सोपं, म्हणून घाईही तिथेच होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, नुसतं 'एक्सरँडर' (xrandr) चालवा. पॅनलचं नाव त्याच्या जोडणीच्या प्रकारावरून जुन्या लॅपटॉपवर एलव्हीडीएस (LVDS) आणि नव्यावर ईडीपी (eDP) असं असतं, पुढे एखादा आकडा. ते जसंच्या तसं वापरा. मग त्याच कमांडला 'आउटपुट' (--output) मध्ये हे नाव आणि 'स्केल-फ्रॉम' (--scale-from) मध्ये १६०० × ९०० द्या. कीबोर्ड इंग्रजीवर हवा, टर्मिनलला देवनागरी आकडे कळत नाहीत. गुणिलेच्या जागी इंग्रजी एक्स.

पहिल्यांदा करताना त्याच ओळीत अर्धविराम देऊन 'स्लीप २०' (sleep) आणि पुन्हा अर्धविराम देऊन 'स्केल' (--scale) १ × १ ची कमांड जोडा. काही दिसेनासं झालं तरी वीस सेकंदांनी सगळं जागेवर येतं. कमांड काहीच करत नसेल तर तुम्ही वेलँडवर आहात. वेलँड आणि झॉर्ग या लिनक्समध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि ही कमांड झॉर्गची आहे. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी खालच्या चाकातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडता येतं. २५.१० पासून तो पर्याय काढला आहे. लिनक्स मिंटमध्ये मुळात झॉर्गच येतं.

माउस उजव्या किंवा खालच्या कडेआधीच अडकतो, ही ठरलेली तक्रार. त्याच कमांडमध्ये 'पॅनिंग' (--panning) पुढे १६०० × ९०० दिलं की सुटते. झाकण लावून उघडलं किंवा प्रोजेक्टर जोडला की स्केल उडू शकतं, म्हणून कमांड एका छोट्या फाइलमध्ये ठेवून तिला शॉर्टकट द्या.

उन्हाळ्याचंही बघा. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पंखा आधीच जोरात, त्यात प्रत्येक चित्र मोठं काढून छोटं करायचं काम वाढतं. व्हिडिओ अडखळायला लागला, लाइट गेल्यावर बॅटरी लवकर उतरायला लागली, तर आधी हे स्केल काढून बघा.

मॅकशी तुलना

२०१८ ते २०२० च्या १३ इंची रेटिना मॅकबुक एअरवर 'मोअर स्पेस' निवडलं की १६८० × १०५० ची जागा मिळते आणि अक्षर तरीही स्वच्छ दिसतं. तिथे चित्र ३३६० × २१०० चं काढून २५६० × १६०० ठिपक्यांत बसवलं जातं. ठिपके इंचाला २२७, त्यामुळे आकसल्याचं कळत नाही. १५.६ इंची १३६६ वर इंचाला जेमतेम शंभर ठिपके असतात. तिथे तीच अपेक्षा ठेवू नका.

पॅनल बदलताना

रोज आठ तास शीटवर काम असेल तर जुना २१ इंची फुल एचडी मॉनिटर एचडीएमआयने जोडणं सगळ्यात स्वस्त आणि डोळ्यांना सुखाचं. लॅपटॉप फिरवावाच लागत असेल तर पॅनल बदलता येतो, पण पिना मोजून मोकळं होऊ नका. जुना ४० पिनी एलव्हीडीएस असेल तर फुल एचडीला दुहेरी चॅनलची केबल लागते. ३० पिनी ईडीपीत पिना जुळतात, पॅनल बसतोही, पण १३६६ सोबत आलेल्या कित्येक केबलींमध्ये डेटाची एकच लेन जोडलेली असते आणि फुल एचडीला दोन लागतात. मग स्क्रीन काळी राहते आणि दुकानदार पॅनलला नावं ठेवतो. त्याच मॉडेलच्या फुल एचडी आवृत्तीची केबल मिळते का, हे पॅनलचे पैसे देण्याआधी विचारा.