बेंचरेस्ट रायफलची निगा कशी राखावी

बेंचरेस्ट नेमबाजीत रायफल हातात तोलून धरायची नसते. भक्कम बाकावर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर ती टेकवायची आणि १००, २०० किंवा ३०० यार्डांवर पाच गोळ्या जमल्यास एकाच भोकात घालायच्या. खेळ मूळचा अमेरिकेतला. तिथली राष्ट्रीय संघटना १९५१ सालची. रायफल बहुधा बनवून घेतलेली असते: अ‍ॅक्शन (काडतूस भरून झाडणारी यंत्रणा) एकाचं, नळी दुसऱ्याची, स्टॉक (दस्ता) तिसऱ्याचा आणि जुळणी करणारा गनस्मिथ चौथा. अशी महागडी रायफल गोळ्या झाडून खराब व्हायची तेव्हा होईलच, पण त्याआधी ती चुकीच्या सफाईने वाया जाते.

सुरुवात बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढण्यापासून. चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी पाहा आणि काडतुसं दुसऱ्या टेबलावर ठेवा. स्पर्धेतही हुकूम मिळेपर्यंत बोल्ट बसवायचा नसतो. तीच शिस्त घरी पाळा.

मग रायफल सफाईच्या पाळण्यात (तिला धरून ठेवणाऱ्या चौकटीत) ठेवून नळीचं तोंड थोडं खाली झुकवा. मागून बोअर गाइड घाला. ही आतून पोकळ नळी सफाईच्या रॉडला मधोमध ठेवते, शिवाय सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रावण) ट्रिगरमध्ये उतरू देत नाही. या रायफलींचा ट्रिगर अनेकदा दोन औंसांचा, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅमचा असतो. त्यात चिकट तेल गेलं तर तो नीट अडकत नाही, आणि ते सरळ धोक्याचं आहे. ट्रिगरला तेल कधीच देऊ नका.

रॉड अखंड, आवरण असलेला घ्या. जोडाजोडीचा नको. तो नेहमी चेंबरच्या बाजूनेच घाला, कारण गोळी सर्वांत शेवटी सोडते ती नळीची कड, म्हणजे क्राउन. तिथे किंचित ओरखडा आला तरी सगळ्या गोळ्या पांगतात. आधी सॉल्व्हंटचे दोन-तीन ओले पॅच (कापडाचे छोटे तुकडे) सारा, मग ब्राँझचा ब्रश. साधारण जितक्या गोळ्या झाडल्या तितक्या फेऱ्या पुरतात. ब्रश नळीच्या मध्येच उलटा फिरवू नका. पूर्ण बाहेर काढा आणि परत ओढताना क्राउनवर घासू देऊ नका. थोडा वेळ थांबून कोरडे पॅच सारा. निळसर-हिरवी छटा दिसली तर गोळ्यांचं तांबं अजून आत आहे. अमोनियाचं सॉल्व्हंट मात्र बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त वेळ आत ठेवू नका.

नव्या नळीला ‘वळण लावायचे’ लांबलचक विधी पुष्कळ जण सांगतात. एक गोळी, एक सफाई, असं कितीतरी वेळा. मला त्यात फारसा दम वाटत नाही. चांगल्या कारखान्यात हाताने घासून गुळगुळीत केलेली नळी लवकर स्थिरावते.

चेंबर आणि लग (बोल्ट अडकवून धरणारे त्याचे उंचवटे) बसतात ती खाच कोरडी पुसा. या कामात आळस होतो आणि नेमकं तिथेच सॉल्व्हंट साचतं. बोल्टच्या लगांना मागच्या बाजूला ग्रीसचं पातळ बोट लावा. कोरडे लग एकमेकांना चावतात.

स्कोपच्या रिंग आणि अ‍ॅक्शनचे स्क्रू गनस्मिथने सांगितलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळा. गोळ्यांचा गट अचानक फुटू लागला, तर काडतुसातल्या दारूचं माप बदलण्याआधी हे स्क्रू तपासा.

नळीचा हिशेब वहीत ठेवा. ६ पीपीसीसारख्या, या खेळात रुळलेल्या काडतुसावर हजार-दीड हजार गोळ्यांनंतर स्पर्धेच्या दर्जाची अचूकता उतरू लागते. चेंबरच्या पुढचा भाग उष्णतेने झिजतो. नळी बदलायची वस्तू आहे, तिच्यात जीव अडकवू नका.

रायफल फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका. फोम ओल धरतो. नळीत तेलाचा हलका हात देऊन ती कुलूपबंद तिजोरीत ठेवा आणि बोल्ट वेगळ्या जागी. स्पर्धेच्या सकाळी कोरडा पॅच सारून ते तेल पुसा आणि पहिल्या एक-दोन गोळ्या लक्ष्याच्या कागदावरल्या खालच्या सरावाच्या चौकटीत झाडा. स्वच्छ नळीची पहिली गोळी बहुतेकदा बाकीच्यांबरोबर बसत नाही.