शासकीय लेखनातील क्लिष्टता : या चुका टाळा

शासकीय पत्र केवळ अवघड शब्दांमुळे क्लिष्ट होते, अशा समजुतीने अनेक जण मसुद्यात ‘उपरोक्त’च्या जागी ‘वरील’ आणि ‘सदर’च्या जागी ‘हा’ घालतात व काम संपले असे मानतात. सर्वांत मोठी चूक हीच आहे. ‘विहित मुदतीत आवश्यक कागदपत्रे सादर न केल्यास उचित कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात मुदत कोणती, कागदपत्रे कोणती, कार्यवाही कोण करणार आणि काय करणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही; ‘विहित’ काढून ‘ठरलेल्या’ लिहिले, तरी ते मिळणार नाही. ‘30 जूनपर्यंत उत्पन्नाचा दाखला दिला नाही, तर आम्ही तुमचा अर्ज नामंजूर करू’ असे लिहिल्यास अर्जदाराला चौकशीसाठी हेलपाटा पडत नाही.

म्हणून मसुदा तपासताना प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ आणि ‘कधीपर्यंत?’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर सापडले नाही, तर अनेकदा दोष भाषेचा नसतो. जबाबदारी कोणाची, हेच मुळात ठरलेले नसते आणि ‘करण्यात यावे’ या रचनेआड ते झाकले जाते. अशा वेळी वाक्य दुरुस्त करण्याआधी निर्णय करून घ्यावा लागतो.

दुसरी चूक मांडणीची. अधिनियम, परिपत्रके आणि मागील पत्रव्यवहार यांच्या संदर्भांनी पहिला परिच्छेद भरून जातो आणि अर्ज मंजूर झाला की नाही, हे शेवटी कळते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचे साध्या भाषेविषयीचे आयएसओ 24495-1 हे 2023 चे मानक वाचकाला हवी ती माहिती मिळावी, सहज सापडावी, समजावी आणि वापरता यावी, अशी अपेक्षा ठेवते. निर्णय आधी व संदर्भ नंतर दिल्यास कायदेशीर आधार तसूभरही कमी होत नाही.

सोपेपणाच्या भरात कायद्यातील संज्ञा बदलणे मात्र धोक्याचे आहे. अपील सहसा वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे होते, तर पुनर्विलोकन सहसा आदेश देणाऱ्याकडेच मागितले जाते. दोन्हींना ‘फेरविचाराचा अर्ज’ म्हटले, तर नागरिक चुकीच्या दारी जाईल आणि त्याची मुदत टळेल. संज्ञा तशीच ठेवून पहिल्या उल्लेखातच तिचा अर्थ एका वाक्यात सांगावा. संक्षिप्त रूपांनाही हाच नियम लावावा.

पत्र पाठवण्यापूर्वी विभागाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला ते वाचायला द्यावे. ‘समजले का?’ असे विचारल्यास संकोचाने होकारच मिळतो. त्याऐवजी ‘हे पत्र तुम्हाला आले, तर तुम्ही काय कराल?’ असे विचारावे आणि ती व्यक्ती जिथे अडखळेल, तो परिच्छेद नव्याने लिहावा.